पोर्ट फॉरवर्डिंग की पीटूपी? आधी हे बघा, कोण कोणाकडे जातंय

‘साहेब, पोर्ट फॉरवर्ड केला, डीडीएनएस टाकला, क्यूआरपण स्कॅन केला. तरी ऑफलाइनच दाखवतंय.’

असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी गिऱ्हाइकाचा, बहुतेक वेळा आमच्याच कॅमेरे बसवायच्या धंद्यातल्या एखाद्या नव्या पोराचा. आपण दोन वेगळ्या रीती एकाच पातेल्यात शिजायला घातल्यात, हे त्याच्या गावीही नसतं. डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्र साठवणारा डबा, मोबाइलवर बघायचे रस्ते दोन. एक पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे ठरावीक नंबर (पोर्ट) विचारत बाहेरून आलेल्याला आत कुठे पाठवायचं, ते राउटरला सांगून ठेवणं. दुसरा पीटूपी, म्हणजे क्यूआर कोड किंवा सिरियल नंबर टाकून जोडणं. एका रस्त्याने निघून दुसऱ्या रस्त्याच्या खुणा शोधत बसलात की दिवस गेला समजा.

(डीव्हीआर म्हणतोय, पण एनव्हीआरलाही, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांच्या डब्यालाही, हेच लागू आहे. कॅमेऱ्याची वायर वेगळी, नेटवर्कचं पान तेच. गिऱ्हाईक सगळ्यालाच डीव्हीआर म्हणतं, आता मीही म्हणतो.)

राउटरच्या आतलं जग तुम्हाला येतं असं धरून चालतो. डीव्हीआरला लॅन वायर, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्ये चित्र. एवढंही होत नसेल तर पुढचं वाचू नका, आधी वायर बघा. आणि पत्ता पक्का करून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की डीव्हीआर दुसऱ्याच नंबरवर जाऊन बसतो.

आता खरा घोळ. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये मोबाइल बाहेरून तुमच्या दुकानाच्या दारात येतो. राउटर म्हणजे गेटवरचा वॉचमन. त्याला तुम्ही सांगून ठेवलेलं असतं, ‘८००० नंबर विचारत कोणी आलं तर त्याला १०८ नंबरच्या यंत्राकडे पाठव.’ डीव्हीआर आपल्या जागी बसून वाट बघतो. पीटूपीमध्ये उलटं. डीव्हीआर स्वतः बाहेर पडतो, कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन ‘मी अमुक सिरियल नंबरचा, इथे आहे’ अशी हजेरी लावतो आणि ती लाइन चालू ठेवतो. मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, आणि थेट गाठ पडलीच नाही तर मधे बसून चित्र इकडून तिकडे पोचवतो. बाहेरून आत कोणी येतच नाही, म्हणून वॉचमनला काही सांगावं लागत नाही. आतला माणूस बाहेर निघाला तर वॉचमन सहसा अडवत नाही.

एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. पीटूपीला पोर्ट उघडावा लागत नाही, डीडीएनएस लागत नाही, स्टॅटिक आयपी (कधीही न बदलणारा पत्ता) लागत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगला सिरियल नंबरशी काही देणंघेणं नाही. अ‍ॅपमध्ये ‘आयपी किंवा डोमेनने जोडा’ आणि ‘सिरियल नंबरने जोडा’ असे दोन पर्याय असतात ते म्हणूनच. बहुतेक जण जो वर दिसेल तो दाबतात.

सांगलीच्या गणपती पेठेतलं एक दुकान आठवतं. माझ्याआधी तिघेजण येऊन गेलेले. मालक काका म्हणाले, ‘अहो, दुकानात झकास दिसतं, घरी गेलं की काळं!’ मुलाचा मोबाइल हातात घेतला. अ‍ॅपमध्ये डीव्हीआर जोडलेला १९२.१६८.१.१०८ या पत्त्याने. म्हणजे दुकानाच्या आतला पत्ता. संध्याकाळी हा मुलगा घरी जाऊन अ‍ॅप उघडणार, घरच्या वायफायचे पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होणारे, आणि मोबाइल इमानेइतबारे त्याच्या स्वतःच्या घरात १०८ नंबरचं यंत्र शोधत बसणार. तिथे असलाच तर टीव्ही असेल.

राउटरचं पान उघडलं तर फॉरवर्डिंगच्या अकरा ओळी. ८०, ८०००, ८००१, ५५४, ३७७७७, जो आला त्याने आपली भर घातलेली. ३७७७७ तर वेगळ्याच कंपनीच्या यंत्राचा पोर्ट, त्या दुकानात ते यंत्रच नव्हतं. आणि याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात, तिघांपैकी कोणीही न वाचलेला वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, पत्ता. १०० ने सुरू होणारा.

हा आकडा वाचायला शिका, निम्म्या खेपा वाचतील. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. मग नेटवाल्यांनी एकाच खऱ्या पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते वेगळे काढून दिले. तुमच्या राउटरच्या वॅनवर यातला पत्ता असेल, किंवा १० ने, १९२.१६८ ने सुरू होणारा असेल, तर तुमचा वॉचमन फक्त तुमच्या बिल्डिंगचा आहे. बाहेर अख्ख्या कॉलनीचं एक मोठं गेट आहे, तिथला वॉचमन नेटवाल्याचा, आणि त्याला तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. अकरा काय, एकशे अकरा ओळी भरा. बाहेरचा मोबाइल तुमच्या वॉचमनपर्यंत पोचतच नाही.

खात्री करायला एक मिनिट लागतं. राउटरवरचा वॅनचा पत्ता लिहून घ्या. त्याच वायफायवरून ‘माझा आयपी काय’ असं ब्राउझरमध्ये शोधा. दोन्ही आकडे सारखे आले तर पोर्ट फॉरवर्डिंग होऊ शकतं. वेगळे आले तर नाही. कधी कधी नेटवाल्याचा डबा आणि त्यापुढे तुमचा स्वतःचा राउटर, असे दोन वॉचमन एकाच जिन्यात असतात. तेव्हाही आकडे वेगळे येतात, पण वॅनवर बहुधा १९२.१६८ दिसतो. ते घरातल्या घरात सोडवता येतं. १०० वालं मात्र नेटवाल्याकडून स्वतंत्र खरा पत्ता, बहुधा स्टॅटिक आयपी, घेतल्याशिवाय सुटत नाही.

इथे एक राग ओकून घेतो. ‘आयपी बदलतोय ना, मग डीडीएनएस टाका’ हा सल्ला देणाऱ्याने आधी आपला वॅन बघावा. डीडीएनएस म्हणजे बदलत्या पत्त्याला दिलेलं एक कायमचं नाव, बस. पत्ताच शेकडो लोकांचा सामाईक असेल तर त्याला नाव देऊन काय उपयोग? पाटी रंगवली म्हणून बंद दार उघडत नाही.

काकांच्या दुकानात मग पीटूपीच करायचं ठरलं. सिरियल नंबर टाकला, ऑफलाइन. तिघांनीही म्हणे इथेच हात टेकले होते आणि पुन्हा पोर्टकडे वळले होते. मला खूण मिळाली ती स्क्रीनवरच्या घड्याळात. सतरा मिनिटं मागे. वेळ आपोआप जुळवायचं सेटिंग चालू होतं, तरीही. म्हणजे डीव्हीआरला बाहेरच्या कुठल्याच सर्व्हरचं नाव उलगडत नव्हतं. नेटवर्कचं पान उघडलं. मधे राउटर बदलला होता, गेटवे (बाहेर जायच्या राउटरचा पत्ता) कोणीतरी नवा भरला होता, पण डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्याच्या, चौकटीत जुन्या, केव्हाच भंगारात गेलेल्या राउटरचा पत्ता तसाच. तिथे गूगलच्या डीएनएसचा पत्ता, ८.८.८.८, टाकला. मिनिटभरात ‘ऑनलाइन’. काका म्हणाले, ‘एवढंच?’ एवढंच.

तिघांना हे का दिसलं नाही? डोक्यात पोर्ट फॉरवर्डिंग असलं की माणूस डीएनएसकडे बघतच नाही. बाहेरून येणाऱ्याला डीव्हीआरच्या डीएनएसची गरजच नसते. बाहेर जाणाऱ्याला असते. पीटूपी ऑफलाइन दिसलं तर राउटरला हात लावू नका. डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर गेटवे आणि डीएनएस बघा, मग पीटूपी चालू केलंय का ते बघा. आणि हे डीव्हीआर आधीच्या कोणाच्या खात्यावर तर अडकलेलं नाही ना? जुना इन्स्टॉलर आपल्याच खात्यात जोडून निघून जातो, मग मालकाला क्यूआर स्कॅन करूनही प्रवेश नाही. असं करणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.

माझं मत विचाराल तर घर, दुकान, गोडाऊन, मंगल कार्यालय, सगळीकडे पीटूपी. पोर्ट उघडा ठेवणं म्हणजे रस्त्यावरच्या कोणालाही कडी वाजवू देणं, आणि इंटरनेटवर कडी वाजवत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (परक्याच्या ताब्यात गेलेल्या यंत्रांच्या फौजेने) कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून असेच डीव्हीआर आणि कॅमेरे गोळा केले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये साइट्सच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला चढवून ट्विटरसारख्या मोठमोठ्या साइट्स काही तास आडव्या केल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये हाइकव्हिजन या कॅमेरा कंपनीच्या अनेक यंत्रांतली जी त्रुटी जाहीर झाली, तिला तर पासवर्डही लागत नव्हता, वेब पानाच्या पोर्टपर्यंत पोचता आलं की पुरे. आणि जे डीव्हीआर सरळ डीएमझेडमध्ये टाकतात, म्हणजे सगळेच पोर्ट उघडे, त्यांनी दुकानाचं शटरही रात्री उघडं ठेवावं, हिशोब सारखाच.

पीटूपीतही खोट आहे. कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा ठेवावा लागतो, तो बंद पडला तर तुम्हीही बंद. थेट गाठ पडली नाही तर चित्र अडखळतं. पण अडखळण्याचा दोष दर वेळी पीटूपीला देऊ नका. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा मुख्य स्ट्रीमवर ४ एमबीपीएसच्या आसपास खातो. आठ कॅमेरे एकदम उघडलेत तर ३२, आणि तेही अपलोडचे. मोबाइलवर सब स्ट्रीम (तेच चित्र, कमी दर्जाचं) ठेवा, कॅमेऱ्यामागे अर्ध्या एमबीपीएसमध्ये भागतं.

एखाद्या कारखान्याला मुख्य ऑफिसमधून चार शाखांचे कॅमेरे सॉफ्टवेअरवर सतत बघायचेत, तर पीटूपी तोकडं पडतं. तिथेही मी पोर्ट उघडत नाही. स्टॅटिक आयपी घेऊन व्हीपीएन (दोन ठिकाणांमधला खाजगी बंद रस्ता) लावतो. थोडं जास्त काम, पण रात्री झोप लागते.

चाचणी मात्र दोन्हीकडे एकच. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या, मग अ‍ॅप उघडा. दुकानात उभं राहून दुकानाच्याच वायफायवर ‘बघा, दिसतंय’ म्हणून पैसे घेऊन जाऊ नका. आणि पीटूपी चालू झालं की राउटरमधल्या त्या जुन्या ओळी पुसा, यूपीएनपी (यंत्रांना राउटरवर आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. काकांच्या राउटरमधल्या अकराच्या अकरा मी पुसल्या. काका काळजीने बघत होते, ‘अहो, लोकांनी पैसे घेतलेत त्याचे.’