शेजारच्या खोलीतला वैमानिक

एकट्याने चालवायच्या, विमान उडवण्याचा सराव देणाऱ्या सिम्युलेटरमधलं आकाश फार शिस्तीचं असतं. संगणकाने सोडलेली विमानं सांगितलेलं ऐकतात, कधी गोंधळत नाहीत. विद्यापीठात असे सात-आठ सिम्युलेटर नेटवर्कने जोडले आणि शेजारच्या खोलीत रडारच्या पडद्यापुढे दुसरे विद्यार्थी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून बसवले, की समोर खरी माणसं येतात. शिकणं तिथून सुरू होतं.

जोडणीमागची युक्ती सुंदर आहे. २५० नॉट, म्हणजे ताशी २५० सागरी मैल वेगाचं विमान सेकंदाला सुमारे १२९ मीटर सरकतं. त्याची प्रत्येक क्षणाची जागा सगळ्यांना कळवत बसलं तर नेटवर्क तुंबेल. म्हणून प्रत्येक संगणक इतर विमानांचा शेवटचा ठावठिकाणा, वेग आणि दिशा यांवरून आत्ताची जागा स्वतःच काढतो. विमानाचा मूळ संगणकही तोच अंदाज बांधून पाहतो आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तरच नवा संदेश धाडतो. खलाशांच्या जुन्या पद्धतीवरून याला 'डेड रेकनिंग' म्हणतात. १९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराने रणगाड्यांचे सिम्युलेटर जोडताना ते वापरलं.

माझ्या मते मात्र खरी कसोटी आवाजाची आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळाच्या धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली. ५८३ माणसं गेली. टक्कर होण्याआधी, उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानाला नियंत्रकाचं 'थांबा' आणि दुसऱ्या विमानाचं 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' हे एकाच वेळी बोललं गेलं. एका रेडिओ फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की ऐकणाऱ्याला बरेचदा नुसती शिट्टी ऐकू येते. संगणकावरच्या साध्या कॉलमध्ये दोन्ही आवाज ऐकू येतात, त्यामुळे चांगल्या सिम्युलेटरमध्ये ते मुद्दाम बिघडवावे लागतात. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवायचा नियम कशासाठी आहे, हे ती शिट्टी ऐकल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

तासाच्या मध्यावर जागांची अदलाबदल जरूर करावी. रडारवर दोन ठिपक्यांत ५ सागरी मैल अंतर किंवा १,००० फूट उंचीचा फरक राखताना नियंत्रक सहज म्हणून जातो, 'लवकर उतरा, वेगही कमी करा.' तोच विद्यार्थी कॉकपिटमध्ये बसतो, नाक खाली करतो आणि पाहतो तर वेगाचा काटा वर चढतोय.