मांजर पाणी पितं, पण त्याला पाणी पुरतं का?

"आमचं मांजर भरपूर पाणी पितं, त्यामुळे ती काळजी नाही." हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की एकदा नीट लिहूनच टाकते. पाणी पिणं वेगळं आणि पाणी पुरणं वेगळं.

पिणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, त्यावर काय बोलायचं. पुरणं म्हणजे दिवसभरात पोटात गेलेलं एकूण पाणी, आणि मांजराच्या बाबतीत त्यातलं बरंचसं खाण्यातून जायला हवं. पाळीव मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातलं. कोरड्या मुलखातला हा प्राणी शिकारीतूनच पाणी मिळवत आला. उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. म्हणून मांजराला तहान उशिरा लागते, आणि पाणी कमी पडलं की ते लघवी घट्ट करून भागवतं.

आता हिशेब बघा. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलि पाणी लागतं. ६० ग्रॅम ड्राय फूडमधून, म्हणजे कोरड्या दाण्यांमधून, त्यातलं जेमतेम ५-६ मिलि मिळतं. तेवढंच पोट भरणाऱ्या अडीचशे ग्रॅम वेट फूडमधून, म्हणजे पाकिटातल्या किंवा डब्यातल्या ओल्या खाण्यातून, दोनशेच्या आसपास! म्हणजे ड्राय फूडवरच्या मांजराला जवळजवळ सगळं पाणी वाडग्यातून प्यावं लागतं, आणि ते बहुधा तेवढं पीत नाही. गंमत अशी की तेच सारखं वाडग्याशी दिसतं, म्हणून त्याची काळजी कुणी करत नाही. वेट फूड खाणारं मांजर वाडग्याकडे फिरकत नाही, तर त्याचे पालक धास्तावतात. काळजी नेमकी चुकीच्या घरात चाललेली असते.

मला सगळ्यात खटकतं ते "पीत नाही? फाउंटन घ्या" (म्हणजे पाणी सतत वाहतं ठेवणारं भांडं) हे ठरलेलं उत्तर. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, काहींना नाही. रुंद वाडगा, रोज बदललेलं पाणी, एवढंही चालतं. पण आधी ताट बदला, मग वाडगा. दिवसातून एकदा तरी वेट फूड, त्यात दोन चमचे कोमट पाणी कालवून. नुसत्या उकडलेल्या चिकनचं पाणीही चालेल, मात्र त्यात कांदा-लसूण अजिबात नको. मांजराला ते विषारी आहेत. दूध म्हणजे पाणी नव्हे. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि जुलाब झाले की होतं तेही पाणी जातं.

खाणं तेच असताना मांजर अचानक जास्त पाणी प्यायला लागलं, तर खूश होऊ नका. किडनीचा आजार, मधुमेह, थायरॉईड अशीच सुरू होतात. डॉक्टरांकडे न्या, रक्त-लघवी तपासा. आणि बोका लघवीसाठी कुंथतोय पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते.