कम्युनिटी कॉलेजचा काउन्सेलर: कोणाला भेटतो, कधी गाठायचा, सोबत काय न्यायचं

काउन्सेलिंग म्हटलं की आपल्याला एकतर इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशफेऱ्या आठवतात, नाहीतर 'डोक्याचं काही असेल' अशी कुजबुज. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, या शब्दाचा अर्थ जरा वेगळा आहे. कोणता विषय कधी घ्यायचा, दोन वर्षांनी कुठल्या विद्यापीठात बदली घेता येईल आणि त्यासाठी या सत्रात काय वगळलं तरी चालेल, हे विद्यार्थ्यासोबत बसून कागदावर मांडणारा माणूस म्हणजे काउन्सेलर. खिडकीवरचा कारकून नव्हे, त्याची गणना अध्यापकांत होते. राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत आणि या भेटीचे वेगळे पैसे कुठेच पडत नाहीत. तरीही आपली बरीच मुलं पहिलं वर्ष मित्राच्या सल्ल्यावर काढतात.

पात्रता. कॉलेजात नाव घातलेलं असलं की झालं. राज्याच्या 2012 च्या कायद्यानुसार पदवी किंवा बदलीचं ध्येय असलेल्या नव्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी करायच्या असतात: ओरिएंटेशन (कॉलेजची ओळख), इंग्रजी-गणिताची पातळी ठरवणं आणि एज्युकेशन प्लॅन, म्हणजे कोणत्या सत्रात कोणते विषय घ्यायचे याचा आराखडा. पातळीसाठी आता परीक्षेची धास्ती नको, 2017 च्या कायद्यापासून मुख्यतः हायस्कूलचे गुण बघतात. आधीच पदवी असेल तर या तिन्हींतून सूट मागता येते. पुण्याहून बी.कॉम. करून एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या कितीतरी जणी म्हणूनच काउन्सेलरकडे फिरकत नाहीत. सूट सक्तीतून आहे, भेट तरी घ्यावीच. जुन्या पदवीतले कोणते विषय इथे धरले जातील, हे कळलं तर एखादं सत्र वाचू शकतं.

अर्ज आणि भेट. आधी सीसीसी अप्लाय या राज्याच्या पोर्टलवर प्रवेशाचा अर्ज. तो विनामूल्य आहे. विद्यार्थी क्रमांक आला की कॉलेजच्या पोर्टलवर ओरिएंटेशन उरकायचं, मग काउन्सेलिंगची वेळ घ्यायची. 'ड्रॉप-इन' म्हणजे वेळ न ठरवता जाणं. एखादा फॉर्म, एखादी अट विचारण्यापुरतं ते ठीक. प्लॅनसाठी मात्र अपॉइंटमेंटच घ्या. सुरुवातीला एक-दोन सत्रांचा छोटा आराखडा चालतो. पूर्ण आराखडा 15 सेमिस्टर युनिट (श्रेयांक) होईपर्यंत किंवा तिसरं सत्र संपण्याआधी व्हायला हवा. ही तीन कामं झालेल्यांना विषयनोंदणीत लवकरचा नंबर मिळतो, आणि रसायनशास्त्राच्या लॅबची जागा मिळवताना तो नंबर सोन्याहून मोलाचा.

ऑगस्टमध्ये जाऊ नका. सत्र तोंडावर आलेलं असतं, रांग दाराबाहेर. ऑक्टोबर किंवा मार्चमध्ये गेलात तर निवांत बोलता येतं.

कागदपत्रं. विद्यार्थी क्रमांक, हायस्कूलचं ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक), एपी (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या विषयांची परीक्षा) दिलं असेल तर त्याचे गुण, दुसऱ्या कॉलेजात काही शिकला असाल तर तिथलं ट्रान्स्क्रिप्ट. बोलण्यापुरती साधी प्रत चालते, पण युनिट जमा करून घ्यायला अधिकृत प्रत त्या संस्थेकडूनच यावी लागते. मुंबई-पुण्याच्या मार्कशीट तशाच चालत नाहीत. मान्यताप्राप्त मूल्यांकन संस्थेकडून विषयवार अहवाल करून घ्यावा लागतो. कॉलेज कोणत्या संस्था मानतं, ते आधी विचारा आणि मगच पैसे भरा. एफ-1 वाल्यांनी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी, आय-20 (व्हिसासाठी कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद) न्यावं. त्यांना सत्रात 12 युनिट ठेवावेच लागतात, त्यामुळे विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी घ्यायची, नंतर नाही.

प्रत्यक्ष भेटीत काउन्सेलर बहुधा असिस्ट नावाची राज्याची साइट उघडतो. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या जोडीचा. जिथे 'समकक्ष विषय नाही' असं दिसतं, तिथेच खरी चर्चा सुरू होते. युनिटचा हिशेबही इथेच कळतो. फ्रीमाँटचं ओलोनी कॉलेज सेमिस्टरवर (वर्षात दोन मुख्य सत्रं) चालतं, कुपर्टिनोचं डी अँझा क्वार्टरवर (वर्षात तीन). क्वार्टरचे 5 युनिट म्हणजे सेमिस्टरचे 3.33. दोन्हीकडे विषय घेणाऱ्यांची बेरीज इथेच चुकते. आमच्या घरातल्या एका पोराची चुकली, आणि ते कळलं बदलीच्या वर्षी.

युसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसवर अटी पाळल्या तर बदलीची हमी मिळते. तिला टॅग म्हणतात. तिचा अर्ज 1 ते 30 सप्टेंबर, आणि तोही एकाच कॅम्पसला. काउन्सेलरची पहिली भेट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेतलीत, तर हात चोळत बसावं लागेल. बर्कली आणि लॉस एंजेलिस या यादीत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आपल्याकडे बहुतेकांचा डोळा तिकडेच असतो.

जादा मदत हवी असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. 1969 पासून चालणारी ईओपीएस ही मदत योजना कमी उत्पन्नाच्या आणि शिक्षणात मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे: राज्याचा रहिवास, सहसा पूर्णवेळ 12 युनिट, फीमाफीची पात्रता आणि एकूण 70 पेक्षा कमी युनिट. मोबदल्यात सत्रात तीन भेटी बंधनकारक. डीएसपीएस ही सेवा अपंगत्व, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण), दीर्घ आजार अशांसाठी. हायस्कूलचा आयईपी (खास गरजांच्या मुलासाठी शाळेने केलेला आराखडा) कॉलेजात आपोआप लागू होत नाही. विद्यार्थ्याने स्वतः जाऊन सांगायचं, डॉक्टरांचे कागद द्यायचे. 'कशाला सांगायचं सगळ्यांना' म्हणून गप्प बसलात तर परीक्षेतला वाढीव वेळ मिळत नाही. शिक्षकाला फक्त सवलत काय ती कळवतात, निदान नाही.

मनाचा ताण, घरची भांडणं, झोप उडणं यासाठी हेल्थ सेंटरचा समुपदेशक वेगळा. तिथलं बोलणं शैक्षणिक नोंदीत जात नाही. रात्री-अपरात्री फारच वाईट वाटलं तर 988 या मानसिक संकटाच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता आईवडिलांसाठी. मुलगा सोळा वर्षांचा असला तरी कॉलेजच्या नोंदींवर हक्क त्याचा, फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने. तुम्ही फोन करून गुण विचारलेत तर काउन्सेलर गोड बोलून नकार देईल. मुलाने लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी. सोबत खोलीत बसायचं असेल तर त्याला आधी विचारा, आणि बसलात तर उत्तरं त्याला देऊ द्या.