कॅल्युमेट कोलोझियम

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कीविनॉ द्वीपकल्पावर कॅल्युमेट नावाचे गाव आहे. तिथली छताखालची आइस हॉकीची रिंक म्हणजे कॅल्युमेट कोलोझियम. ही इमारत 1913 ची असून तिथे आजही खेळ चालतो. उत्तर अमेरिकेत वापरात असलेली ही सर्वांत जुनी बंदिस्त रिंक आहे, असा गावाचा दावा आहे. ‘सर्वांत जुनी’ हा किताब नेहमी अटींसकटच मिळतो. बोस्टनची मॅथ्यूज अरीना ही रिंक 1910 ची, म्हणजे हिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती. मात्र 1918 च्या आगीनंतर ती बरीचशी नव्याने बांधावी लागली होती आणि 2025 मध्ये ती बंद झाली.

कॅल्युमेटची लोकवस्ती आज सातशेच्याही आत आहे. एवढ्याशा गावाला अशी इमारत परवडली, याचे कारण जमिनीखालचे तांबे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅल्युमेट अँड हेक्ला या खाण कंपनीने परिसराचे नशीब पालटले. कॉर्नवॉल, फिनलंड, इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशियातून मजूर आले. गावात मार्च 1900 मध्ये नाट्यगृहही सुरू झाले. त्या वेळी गावाचे नाव रेड जॅकेट होते. कॅल्युमेट हे नाव 1929 नंतरचे. हिवाळा मात्र कुणाच्याच मर्जीतला नव्हता. 1978–79 च्या हंगामात द्वीपकल्पावर 390.4 इंच, म्हणजे जवळपास दहा मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. अशा ठिकाणी छताखाली खेळण्याची कल्पना सुचली नसती तरच नवल.

हॉकीची मुळे इथे त्याआधीच रुजली होती. शेजारच्या हॉटन गावात ऑन्टॅरिओच्या बर्लिनहून (आताचे किचनर) जॅक गिब्सन हे दंतवैद्य येऊन राहिले होते. कॅनडात त्या काळी खेळाचा मोबदला घेणे हा गुन्हा समजला जाई. हॉटनमध्ये तसले सोवळे नव्हते. त्यांच्या पोर्टेज लेक संघाने कॅनेडियन खेळाडूंना उघडपणे पैसे देऊन आणले आणि 1904 मध्ये इंटरनॅशनल हॉकी लीग सुरू झाली. ती जगातील पहिली उघडपणे व्यावसायिक हॉकी लीग होय. कॅल्युमेट, हॉटन, पिट्सबर्ग आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे सू सेंट मेरी असे तिचे पाच संघ होते. पहिल्या हंगामाचे विजेतेपद कॅल्युमेटने मिळवले. 1907 मध्ये लीग बंद पडली.

कॅल्युमेटच्या त्या संघाची रिंक कोलोझियम नव्हे. शेजारच्या लॉरियममध्ये 1904 साली उभी राहिलेली ‘पॅलेस्ट्रा’ ही खास हॉकीसाठी बांधलेली अमेरिकेतली पहिली इमारत मानली जाते. ती 1921 मध्ये सुटी करून मार्केट शहरात नेऊन पुन्हा जोडण्यात आली आणि 1970 च्या दशकात पाडली गेली. हॉटनची ‘अ‍ॅम्फिड्रोम’ 1927 मध्ये जळाली. तिच्या जागी बांधलेली रिंक पुढे डी स्टेडियम झाली. एकीला घर बदलावे लागले, दुसरीला राखेतून उठावे लागले. कोलोझियम तेवढी जागच्या जागी राहिली.

तिचे बांधकामवर्ष गावासाठी काळे वर्ष ठरले. जुलै 1913 मध्ये तांबे खाण मजुरांचा मोठा संप सुरू झाला आणि गव्हर्नर वुडब्रिज फेरिस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड (राखीव सैन्यदल) पाठवले. 24 डिसेंबरला इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. कुणीतरी ‘आग!’ असे ओरडले आणि जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत 73 माणसे गेली. त्यांत बहुतेक मुलेच होती. आग लागलेलीच नव्हती.

पुढे 1940 च्या दशकात हीच रिंक नॅशनल गार्डकडे शस्त्रागार म्हणून गेली. संपाच्या आठवणी ताज्या असणाऱ्यांना हा योगायोग बोचला असेल. तरीही इमारत तगली, ती या दुहेरी वापरामुळेच, असे म्हणावे लागते. ज्या काळात खाणी मिटत होत्या, त्या काळात निव्वळ खेळासाठी एवढे छप्पर सांभाळणे गावाला झेपले नसते. गार्ड नव्या जागी गेल्यावर, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ती टाउनशिपकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे आली आणि कोलोझियम हे नाव पुन्हा रूढ झाले. कॅल्युमेट वुल्व्हरिन्स या हॉकी संघाचे सामने इथे होतात. हॉटनच्या संघाशी त्यांची गिब्सन चषकासाठी 1939 पासून चुरस आहे.

अशा रिंकच्या नूतनीकरणात भिंतीपेक्षा जमिनीखालचा भाग जास्त खर्चिक असतो. जुन्या काळी खिडक्या उघडून बाहेरची थंडी आत घेत आणि पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत. हवामान बिघडले की खेळ बंद. आताच्या रिंकमध्ये काँक्रीटखाली नळ्यांचे जाळे असते. त्यातून थंड मिठाचे पाणी किंवा ग्लायकॉल फिरते आणि वर जेमतेम तीन सेंटिमीटर बर्फ तयार होतो. नळ्या गळल्या की सगळी लादी फोडावी लागते. त्यातच अमेरिकेत आर-22 या शीतकाचे उत्पादन व आयात 1 जानेवारी 2020 पासून बंद झाली, म्हणून ते वापरणाऱ्या जुन्या रिंकना यंत्रणाच बदलण्याची वेळ आली.

लहान गावांकडे एवढा पैसा कुठून असणार? क्राफ्ट कंपनीची ‘हॉकीव्हिल’ स्पर्धा याच गरजेवर उभी आहे. कॅनडात ती 2006 मध्ये, अमेरिकेत 2015 मध्ये सुरू झाली. लोकांच्या मतांवर गाव निवडले जाते. 2019 मध्ये अमेरिकेतून कॅल्युमेट निवडले गेले. त्याला दुरुस्तीसाठी दीड लाख डॉलर मिळाले, शिवाय नॅशनल हॉकी लीगचा एक हंगामपूर्व सामनाही. त्या जूनमध्ये सेंट लुइस ब्लूज संघाने आपला पहिलावहिला स्टॅन्ली कप, म्हणजे याच लीगचा विजेतेपदाचा चषक जिंकला होता. सप्टेंबरमध्ये तोच संघ डेट्रॉइट रेड विंग्जविरुद्ध खेळायला कॅल्युमेटमध्ये उतरला.