शिकार थांबली, जाळी राहिली

समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाची जुनी कहाणी म्हणजे शिकारीची कहाणी. स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये विज्ञानाला माहीत झाली आणि १७६८ पर्यंत माणसाने मारून संपवलीही. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू व्हायला १९८६ उजाडले.

तोवर धोक्याचे स्वरूपच बदलले होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सुती जाळ्यांच्या जागी नायलॉनची जाळी आली. ती स्वस्त, न कुजणारी आणि पाण्यात जवळपास न दिसणारी. अशा जाळ्यांपैकी गिलनेट पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. मासे त्यात कल्ल्यांशी अडकतात. डॉल्फिन किंवा पॉरपॉइज (डॉल्फिनसारखाच छोटा समुद्री सस्तन प्राणी) अडकला तर श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि गुदमरतो. मच्छीमाराला तो नको असतो. उलट, जाळे फाटते ते वेगळेच. म्हणून शिकारबंदीचे कायदे इथे फारसे उपयोगी पडत नाहीत: गुन्हेगार शोधायला गेले तर पोटापाण्याचा धंदा करणारा माणूस सापडतो.

मेक्सिकोतील कॅलिफोर्निया आखाताच्या उत्तर टोकाला हा पेच सर्वांत उघड दिसतो. जेमतेम दीड मीटर लांबीचा वाकीटा हा पॉरपॉइज फक्त तिथेच राहतो. १९५८ पर्यंत त्याची शास्त्रीय नोंदही नव्हती. त्याच पाण्यातल्या तोतोआबा माशाच्या मासेमारीवर १९७५ मध्ये बंदी आली, तरी कोळंबी आणि इतर माशांसाठी जाळी पडतच राहिली. १९९३ मध्ये तिथे राखीव जीवावरण क्षेत्र झाले. १९९७ च्या पाहणीत सुमारे ५६७ वाकीटा उरल्याचा अंदाज निघाला. पुढे तोतोआबाच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, चीनमध्ये प्रचंड भाव मिळू लागला आणि चोरटी मासेमारी फोफावली.

२०१५ मध्ये सरकारने दोन वर्षांसाठी गिलनेट बंद केली आणि भरपाई देऊ केली. २०१७ मध्ये बंदी कायम झाली. माझ्या मते चूक इथेच झाली. भरपाईचा ओघ प्रामुख्याने परवानाधारकांकडे गेला, होडीवर राबणाऱ्या खलाशांच्या हाती फार थोडे आले. २०१८ अखेर भरपाईही थांबली. वाकीटाला धोका नसलेली दुसरी साधने मच्छीमारांच्या हाती वेळेवर पडली नाहीत. त्या किनाऱ्यावरच्या सॅन फेलिपेसारख्या गावांत बंदीविषयी राग साचला, तर नवल नाही.

दुसरीकडे असा प्रयोगही झाला होता: १९९४ मध्ये अमेरिकेच्या मेन आखातात जाळ्यांना आवाज करणारे छोटे यंत्र, पिंगर, बांधले. मूक पिंगर लावलेल्या जाळ्यांत २५ पॉरपॉइज अडकले, चालू पिंगर लावलेल्यांत फक्त २. त्या प्रयोगात मासेमारी थांबवावी लागली नाही.

वाकीटाच्या बाबतीत २०१७ मध्ये उरलेले प्राणी पकडून बंदिस्त जागेत ठेवण्याचा प्रयत्न झाला. पकडलेली एक मादी दगावली आणि मोहीम गुंडाळली. २०२२ मध्ये नौदलाने मुख्य अधिवासात तळाला लोखंडी आकड्यांचे काँक्रीटचे ठोकळे सोडले. त्यांत जाळे अडकून फाटते, त्यामुळे त्या पट्ट्यात जाळी टाकणे झपाट्याने कमी झाले. २०२४ च्या पाहणीत ६ ते ८ वाकीटा दिसल्याचा अंदाज आला. ठोकळ्यांच्या बाहेरच्या पाण्यात मात्र जाळी अजून पडतात, आणि वाकीटा त्या हद्दीत थांबत नाही.