एकाच पिकअपची अनेक कामे : मराठवाड्यातील वापर आणि त्यामागचा कायद्याचा गुंता

मराठवाड्यात पिकअप घ्यायला निघालेला शेतकरी शोरूममध्ये दोन गोष्टी विचारतो : माल किती बसतो आणि हप्ता किती पडतो. मागे ट्रॉली ओढेल का, हे तो नंतर गॅरेजवाल्याला विचारतो. घरच्यांना घेऊन पाहुण्यांकडे जाता येईल का, हे तर कोणी विचारतच नाही. गाडी दारात उभी राहिली की ती सगळ्यांची होते. सकाळी मोसंबी, दुपारी खताची पोती, संध्याकाळी फाट्यावरून लेकीला घरी आणायचे. कायद्याने मात्र मालाची गाडी, माणसांची गाडी आणि ओढणारी गाडी यांची खाती वेगवेगळी ठेवली. परवाना, पासिंग आणि विम्याचे आजचे बहुतेक वाद तिथूनच निघाले.

जुना काळ थोडक्यात. निजामाच्या राज्यात १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली, पण शेतमाल बैलगाडीनेच जात राहिला. १९४७ नंतर मुंबईत सुट्या भागांतून जीप बनवल्या जाऊ लागल्या. युद्धातल्या जीपला पाव टनाचा ट्रेलर जोडण्याची सोय होती, म्हणजे माणसे नेणारी आणि ओझे ओढणारी गाडी एकच असू शकते, हे तेव्हापासून माहीत होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून झालेल्या कामांमुळे कच्चे रस्ते गावांच्या शिवारापर्यंत पोचले. त्या रस्त्यांवर चारचाकी येण्याचा खरा काळ मात्र ऐंशीच्या दशकानंतरचा.

१९८०च्या दशकाच्या मध्यात जपानी सहकार्याने हलके ट्रक देशात बनू लागले. त्यातला एक कारखाना जहिराबादला, म्हणजे हैदराबाद–पुणे रस्त्यावर, उमरगा-लातूरकरांच्या नेहमीच्या वाटेवर निघाला. १९८८ साली टाटामोबाईल ही पिकअप आली. नव्वदीत गावोगावी काळी-पिवळी जीप आणि ट्रॅक्स धावू लागल्या; आत माणसे, टपावर शेळी नाहीतर भाजीची पाटी. २००० साली बोलेरो आणि पाठोपाठ तिचीच पिकअप आली, २००५ साली पाऊण टनाचा ‘छोटा हत्ती’. सव्वा ते पावणेदोन टन वाहणारी पिकअप इथे रुजली याचे कारण शेतीत आहे. अंबडची मोसंबी पाचोडच्या बाजारात न्यायची, सोयाबीन लातूरच्या आडतीवर घालायचे, बैलजोडी हाळी-हंडरगुळीच्या बाजारात उतरवायची, यांपैकी कशालाही दहा टनांचा ट्रक लागत नाही. ट्रॅक्टरने जायचे तर अख्खा दिवस मोडतो. एका घराला एकाच गाडीचे कर्ज झेपते, त्यामुळे तीच गाडी दवाखान्यालाही जाते.

२०१२-१३ च्या आणि २०१५-१६ च्या दुष्काळात या वापरात पाण्याची भर पडली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, त्याची बातमी देशभर झाली. त्याच उन्हाळ्यात वस्त्यांवर, फळबागांना आणि जनावरांना पाणी पोचवणाऱ्यांत पिकअपही होत्या. हौद्यात हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, तिला चारी बाजूंनी दोरखंड आणि केबिनमागे छोटी मोटार. हजार लिटर म्हणजे एक टन, ते गाडीला पेलते. धोका अर्ध्या भरलेल्या टाकीचा. वळणावर पाणी एका बाजूला जाते आणि गाडीला बाहेर ढकलते, ब्रेक दाबला की पुढे येऊन आदळते. पाच हजार लिटरचा टँकर मागे जोडून ओढायचा तर पाणीच पाच टन, वर लोखंड. दीड-पावणेदोन टन वजनाच्या गाडीला ते थांबवता येत नाही. तो ट्रॅक्टरमागेच राहिला आणि तेच योग्य होते.

आता चालकाच्या परवान्याकडे येतो. या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त माणसे याच एका मुद्द्यावर भरडली गेली.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘हलके मोटार वाहन’ अशी एक व्याख्या आहे. १९९४ च्या दुरुस्तीपासून तिची मर्यादा ७५०० किलो आहे, आधी ती ६००० होती. मालवाहू गाडी असेल तर मालासकट एकूण वजन धरायचे, मोटारकार किंवा ट्रॅक्टर असेल तर नुसत्या रिकाम्या गाडीचे. म्हणजे ७५०० किलोंच्या आतली मालवाहू गाडी व्याख्येनेच हलकी ठरते आणि मालासकट तीन टनांच्या आसपासची पिकअप तर निर्विवाद हलकी. पण त्याच दुरुस्तीने परवान्याच्या यादीतले मध्यम माल, मध्यम प्रवासी, जड माल, जड प्रवासी हे चार वर्ग काढले आणि त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग घातला. ‘हलके मोटार वाहन’ हा वर्ग आपल्या जागी राहिला. मग पिकअपचे काय? वजनाने ती हलकी आणि पिवळ्या नंबरपाटीमुळे परिवहन. ती चालवायला साधा एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचा, परवाना पुरतो, की त्यावर ‘टीआर’ची, म्हणजे परिवहन वाहन चालवण्याची, वेगळी नोंद लागते?

रस्त्यावर या प्रश्नाने फारसे काही अडत नसे. अडत असे ते अपघातानंतर. विमा कंपनीचा वकील परवान्याची प्रत मागवायचा, त्यावर टीआर नाही हे दाखवायचा आणि चालकाकडे वैध परवानाच नव्हता असे म्हणायचा. अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारे न्यायाधिकरण कधी ते मान्य करी, कधी करत नसे. मान्य झाले तर बऱ्याचदा आदेश असा यायचा की कंपनीने जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई द्यावी आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करावी. कागदावर हा तोडगा माणुसकीचा दिसतो आणि जखमीच्या बाजूने तो आहेही. पण वसुली होते ती ज्याने वर्षानुवर्षे विम्याचा हप्ता नियमित भरला त्याच्याकडून. मालक तीन-चार एकरवाला असेल तर ती रक्कम जमिनीतूनच निघते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा तर कंपनी थेट नाकारायची.

टीआरची नोंद करून घेणेही सोपे नव्हते. वय २० हवे, आधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हवा, वैद्यकीय दाखला हवा आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत पाच वर्षांची झाली. त्याच वर्षापर्यंत आठवी पासची अटही होती. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेल्यामुळे ज्याची शाळा सहावीत सुटली, तो गाडी कितीही चांगली चालवत असला तरी या नोंदीपासून दूर राहिला. ही अट गाडी चालवण्याच्या कौशल्याशी कशी जोडली गेली, हे मला आजही समजत नाही.

शेजारच्याच ट्रॅक्टरचा हिशेब बघावा. त्याचे रिकामे वजन दोन-सव्वादोन टन, म्हणून तो हलका. त्याच्यामागे कारखान्याला निघालेल्या ट्रॉलीत कैक टन ऊस असला तरी वर्ग बदलत नाही. ट्रॅक्टरला माल भरलेला ट्रेलर जोडला म्हणून चालकाचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच सांगून झाले होते. मग तीन टनांच्या पिकअपवाल्याकडे वेगळी नोंद मागण्याला वजनाचा आधार उरत नाही.

३ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला : ७५०० किलोंच्या आतले परिवहन वाहन हे हलके मोटार वाहनच आहे, ते चालवायला वेगळी नोंद नको. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने राज्यांना तसे कळवलेही. विमा कंपन्यांनी माघार घेतली नाही. त्यांचे म्हणणे असे की परिवहन वाहनाच्या चालकासाठी कायद्याने वेगळे प्रशिक्षण, वेगळी मुदत आणि वेगळी तपासणी ठेवली आहे आणि त्या निकालात या तरतुदींचा नीट विचार झालेला नाही. हा मुद्दा पोकळ नव्हता. कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचली तर विसंगती दिसते. मार्च २०२२ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले आणि देशभरचे असंख्य दावे पुन्हा अधांतरी झाले. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ चा निष्कर्ष कायम ठेवला. जादा नोंदीची अट ७५०० किलोंच्या वरच्या मध्यम आणि जड वाहनांना लागू, धोकादायक माल आणि ई-रिक्षा यांचे वेगळे नियम तसेच राहतील, हलक्या परिवहन वाहनाला एलएमव्ही परवाना पुरेसा. टीआर नसलेल्या चालकांमुळे अपघात वाढले असे दाखवणारी आकडेवारी कोणीही समोर ठेवली नाही, याचीही त्या पीठाने नोंद घेतली. तीस वर्षे ज्या गृहीतकावर दावे नाकारले गेले, त्यामागे आकडे नव्हते.

एक तुलना इथे उपयोगाची आहे. अमेरिकेत ज्या पिकअपला हेवी ड्युटी म्हणतात तिचे एकूण वजन ८५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३८५० किलोंच्या वर सुरू होते आणि मोठ्या प्रकारांत १४,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ६३५० किलोंपर्यंत जाते. मागे कित्येक टनांचा ट्रेलर लावून शनिवारी ओढायचा आणि सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचे, हा तिथला रिवाज. ती प्रचंड गाडीसुद्धा आपल्या ७५०० किलोंच्या रेषेच्या आतच बसते. आपली पिकअप तिच्या मोठ्या प्रकारांच्या जवळपास निम्म्या वजनाची.

परवान्याचा निकाल लागला म्हणून पासिंगचा प्रश्न सुटला नाही. फक्त माल नेण्यासाठी बांधलेली गाडी ती मालवाहू, आणि तशी बांधलेली नसली तरी माल नेण्यासाठी वापरली तर तीही मालवाहू, अशी कायद्याची दुहेरी व्याख्या आहे. एका केबिनची पिकअप पहिल्या भागात येते, म्हणून पिवळी पाटी. एकूण वजन ३००० किलोंच्या आत असेल तर परमिट लागत नाही, ही सवलत मोठी आहे. पण फिटनेस नव्या गाडीचा दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. शिवाय २०१५ पासून मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा यंत्रानेच घालून येते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि जालन्याहून नागपूरला घरच्या पिकअपने निघालेल्या कुटुंबाला मोटारींशी असलेला हा फरक पहिल्यांदा ठळकपणे जाणवला. दोन केबिनची, म्हणजे मागेही आसनांची ओळ असलेली, खासगी नोंदणी होणारी पिकअप मिळते. २०१६ साली व्ही-क्रॉस आली, २०२२ साली हायलक्स. पण हायलक्स आली तेव्हा तिची किंमत ३३ लाखांच्या पुढे होती. जिला खरोखर दोन्ही कामे करायची ती गाडी पांढऱ्या पाटीची, आणि तिच्या किमतीत इथे विहीर, ठिबक आणि ट्रॅक्टर होऊन वर पैसे उरतात.

बसणाऱ्या माणसांचा नियमही १९९४ च्याच दुरुस्तीतला. मालाबरोबर जाणारा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण आहे, तेही केबिनमध्ये बसला असेल तर. मोसंबीच्या कॅरेटबरोबर केबिनमध्ये बसलेला शेतकरी सुरक्षित, त्याच फेरीत बाजाराला निघालेली त्याची बायको नाही. हौद्यात सतरंजी टाकून वऱ्हाड नेले तर कोणालाच नाही. इथे मी कायद्याच्या बाजूने आहे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची रचनाच दीड टनासाठी असते. हौद्यात माणसे बसली म्हणजे त्या पाट्यांच्या दृष्टीने हौदा मोकळाच. त्या वाकत नाहीत, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की मागची बाजू आडवी येते. जाणते चालक मोकळ्या फेरीतही हौद्यात वाळूची पोती टाकून ठेवतात, ते यासाठीच.

राहिले ओढकाम. गेल्या काही वर्षांत ते वाढले आहे : स्लॅबच्या कामाचा मिक्सर, मिरवणुकीतला जनरेटर, मळणी यंत्र. यांतले बहुतेक सामान ट्रॅक्टरच्या संथ चालीसाठी बनलेले. त्याला स्वतःचे ब्रेक नसतात, अनेकदा मागे दिवाही नसतो. ट्रॅक्टरचा हूक आणि पिकअपचा मागचा भाग यांची उंची जुळत नाही, म्हणून गावातला वेल्डर चासीला चॅनेलचा तुकडा जोडून त्याला भोक पाडतो आणि पिन अडकवतो. पिन सुटली तर धरून ठेवणारी साखळी क्वचितच असते. ताशी २० ला हे निभते. ६० ला उतारावर ब्रेक दाबला की मिक्सर गाडीला मागून ढकलतो. त्याचे वजन हूकवर कमी आणि मागे जास्त असेल तर तो डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि पिकअपचे शेपूट बरोबर नेतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी चासीही कमजोर झालेली असते.

आणि इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. मोटार वाहनाने ओढली जाणारी गाडी म्हणजे ट्रेलर, आणि ट्रेलर हे स्वतः मोटार वाहन. त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि स्वतःचा विमा हवा. नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने यातले काहीही बदललेले नाही. पिकअपची पॉलिसी चालू आहे, चालकाचा परवाना आता निर्विवाद वैध आहे, आणि धडक मागच्या मिक्सरची बसली आहे, असा दावा न्यायाधिकरणापुढे उभा राहिला तर कंपनीच्या वकिलाला परवान्याला हात लावण्याची गरज नाही. तो मिक्सरचा नंबर विचारेल.