मुलांचं बुडणं आणि शेततळी

मुलांच्या अपघातांमध्ये बुडणं हा प्रकार फार मोठा आहे, तरी रस्त्यावरच्या अपघाताएवढी चर्चा त्याची होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली ४३ टक्के १५ वर्षांच्या आतली होती, आणि एकूण मृत्यूंपैकी ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव करून २५ जुलै हा बुडणं रोखण्याचा जागतिक दिवस ठरवला. भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये यासाठी आराखडा काढला.

वयाप्रमाणे जागा बदलते. रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं पोर घरातच बुडतं, बादलीत, टबात, अंगणातल्या हौदात. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते बादलीत डोकावलं की तोल पुढे जातो आणि मग त्याला स्वतःहून वर येता येत नाही, त्याला वीतभर पाणीसुद्धा पुरतं. आणि आवाज होत नाही, ओरडायला श्वास लागतो आणि तोच मिळत नसतो, म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसालाही पत्ता लागत नाही. जरा मोठी झाली की विहीर, कॅनॉल, बंधारा, बंद पडलेल्या दगडखाणी, वाळू उपशाने नदीत पडलेले खड्डे. या वयात मुलींपेक्षा मुलं जास्त बुडतात. फिट येणाऱ्या मुलाला पाण्याजवळ एकटं सोडूच नये.

महाराष्ट्रात यात शेततळ्याची भर पडली. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ५० हजारांपर्यंत अनुदान होतं, मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल. दुष्काळी भागात या तळ्यांनी बागा जगवल्या, ते नाकारायचं काही कारण नाही. पण पाणी मुरू नये म्हणून आत जो प्लास्टिकचा कागद अंथरतात तोच जीवघेणा ठरतो. चारही बाजूंना उतार, कागद गुळगुळीत, वर शेवाळ धरलेलं, आत पडलेला माणूस काठाला हात लावतो आणि परत घसरून खाली जातो. पट्टीचा पोहणारासुद्धा यात दमतो, मग हातपाय धुवायला किंवा बॉल काढायला गेलेल्या पोराचं काय? एक घसरतं, त्याला काढायला भाऊ किंवा बहीण उतरते, कधी आईसुद्धा, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात.

हे टाळता येतं, आणि तळ्याच्या खर्चापुढे त्याचा खर्च किरकोळ आहे. चारही बाजूंनी तारेचं किंवा जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप. काठावर पक्क्या खुंट्या ठोकून गाठी मारलेले जाड दोर थेट पाण्यात सोडायचे, प्रत्येक बाजूला निदान एक, म्हणजे पडलेल्याला धरून चढता येईल. जुन्या ट्यूब दोराला बांधून पाण्यावर तरंगत ठेवायच्या. विहिरीला कठडा आणि वर जाळी, घरात बादली-बॅरल रिकामं नाहीतर घट्ट झाकलेलं. 'पोरांवर लक्ष ठेवा' एवढं सांगून भागत नाही, कारण कांदा काढायला किंवा ऊसतोडीला गेलेली आई दिवसभर लक्ष ठेवणार कशी? बांगलादेशात याच अडचणीवर गावातच पाळणाघरं काढली, सकाळी ९ ते दुपारी १, म्हणजे आईबाप कामात असतात नेमक्या त्या वेळेत लहान पोरं सांभाळायची, आणि त्याने बुडण्याचे मृत्यू खूप घटले. आपल्याकडे अंगणवाडीची वेळ वाढवून हे करता येण्यासारखं आहे, करायलाच हवं.

साधारण ६ वर्षांपासून पुढच्या मुलांना पोहायला शिकवावं. पूर्वी गावोगावी पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकवायचे, आता विहिरी आटल्या आणि शिकवणारेही कमी झाले. मात्र पोहता येतं म्हणून शेततळ्यात उतरायची परवानगी अजिबात नाही.

कोणी बुडत असेल तर उडी मारायची नाही, आधी ओरडून माणसं गोळा करायची आणि काठावर आडवं पडून दोर, साडी, बांबू, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाकायचं. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं हे प्रकार करू नयेत, त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि लगेच छाती दाबायला सुरुवात, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. मूल शुद्धीवर आलं, बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्यावंच, कारण फुप्फुसात पाणी गेलेलं असेल तर त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.